पुस्तकात असं नव्हतं

पुस्तकावरून चित्रपट निघाला की त्याच्या मागोमाग एक तक्रार येते: "पुस्तकात असं नव्हतं." अद्भुतकथेच्या बाबतीत ही तक्रार जास्त धारदार असते, आणि त्याला कारण आहे. सामाजिक कादंबरीतले घर, शाळा, कचेरी वाचकाने कुठे ना कुठे पाहिलेली असते. दिग्दर्शकानेही पाहिलेली असते. दोघांच्या डोळ्यांपुढची चित्रे थोडीफार जुळतात. शापित वाडा, साखळदंडाने बांधलेली म्हातारी किंवा जमिनीखालचा देव मात्र दोघांपैकी कोणीच पाहिलेला नसतो. वाचकाने तो एकट्याने, कंदिलाच्या नाहीतर बल्बच्या उजेडात, आपल्याच गावातल्या दगडमातीतून उभा केलेला असतो. तोच वाडा पडद्यावर वेगळा दिसला की घराला कुलूप लावून बाहेर जावे आणि परत येईपर्यंत कोणी आतल्या भिंती हलवून ठेवाव्यात, तसे त्याला वाटते.

ही तक्रार ऐकून घेणे हा छोट्या गावातल्या ग्रंथपालाच्या कामाचा एक भाग आहे. तो कोणत्याही नियमावलीत लिहिलेला नाही. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम 1967 मध्ये झाला. त्याखाली मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी असते आणि त्या वर्गाप्रमाणे अनुदान ठरते. दाखल नोंदवही, देवघेव नोंदवही, सभासदांची वर्गणी, वर्तमानपत्रांची फाइल, वाळवीपासून कपाटांची राखण अशी कामे तपासणीच्या वेळी दाखवता येतात. वाचक पुस्तक परत करताना टेबलाशी उभा राहून पाच मिनिटे जे बोलतो, त्यासाठी नोंदवहीत रकाना नाही.

धामणगाव बढे हे बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातले गाव, जळगाव जिल्ह्याच्या हद्दीकडचे. शेती कापूस, मका आणि सोयाबीनची. रेल्वे धरायची तर मलकापूर गाठावे लागते, आणि मोठ्या पडद्यावर नवा सिनेमा पाहायचा तर बरेच जण जळगावची वाट धरतात. बोलीत वऱ्हाडीबरोबर खानदेशी वळण मिसळलेले. अशा गावातल्या एका खोलीच्या वाचनालयात सर्वांत झिजलेली पुस्तके पाहिली तर त्यांत नारायण धारप यांची पुस्तके हमखास सापडतात. पुठ्ठा दोनदा बदललेला, पहिले पान चिकटवलेले, मागच्या तारीखचिठ्ठीवर शिक्क्यांची गर्दी.

धारप (1925–2008) यांनी मराठीत भयकथा आणि विज्ञानकथा विपुल लिहिल्या. त्यांचा 'समर्थ' हा नायक एका पिढीला घरातल्या माणसासारखा ओळखीचा होता. समीक्षकांनी त्यांच्याकडे फारसे लक्ष दिले नाही, आणि तो अन्याय होता. वाचनालये टिकवणारे लेखक कोण, असा प्रश्न ग्रंथपालांना विचारला असता तर धारपांचे नाव पहिल्या पाचांत आले असते. साकेत प्रकाशनाने त्यांची पुस्तके पुन्हा छापली, तेव्हा बऱ्याच गावांना जुन्या फाटक्या प्रती निवृत्त करता आल्या.

12 ऑक्टोबर 2018 रोजी 'तुंबाड' हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला. दिग्दर्शक राही अनिल बर्वे, सहदिग्दर्शक आदेश प्रसाद, सर्जनशील दिग्दर्शक आनंद गांधी, छायालेखक पंकज कुमार, आणि प्रमुख भूमिकेत निर्मात्यांपैकीच एक असलेले सोहम शाह. त्याआधी व्हेनिसच्या महोत्सवातील समीक्षक सप्ताहाची सुरुवात या चित्रपटाने झाली होती. 'थँक यू मिस्टर ग्लाड' लिहिणारे अनिल बर्वे हे दिग्दर्शकाचे वडील. भाषा हिंदी असली तरी चित्रपटातली माणसे, वाडा, पाऊस, पुरणपोळी सगळे मराठी मुलखातले आहे. 13 सप्टेंबर 2024 रोजी तो पुन्हा चित्रपटगृहांत लागला आणि या दुसऱ्या फेरीत त्याने पहिल्या प्रदर्शनापेक्षा जास्त कमाई केली. पहिल्या वेळी तो न पाहिलेली, मधल्या काळात मोबाईलवर पाहून त्याच्या प्रेमात पडलेली मुले आता तिकीट काढून गेली.

वाचनालयात त्याचा पहिला परिणाम दिसला तो एका चुकीच्या मागणीच्या रूपात. मुले येऊन "तुंबाडचं पुस्तक द्या" म्हणू लागली. त्या नावाचे पुस्तक कपाटात होतेच: श्री. ना. पेंडसे यांची 'तुंबाडचे खोत', दोन जाडजूड खंड. जगबुडी नदीच्या काठचे तुंबाड आणि खोतांच्या घराण्याच्या चार पिढ्या हा तिचा विषय. चित्रपटाने या कादंबरीकडून नाव तेवढे घेतले आहे, कथा घेतलेली नाही. पहिला खंड घेऊन गेलेला अकरावीतला एक मुलगा तिसऱ्या दिवशी परत आला आणि खंड टेबलावर ठेवून म्हणाला, "काका, हे ते तुंबाड नाही बाप्पा. यात हस्तर कुठीच नाही." दोघातिघांनी अशीच परतफेड केल्यावर ग्रंथपालाने देतानाच खुलासा करायला सुरुवात केली. एक मुलगी मात्र खुलासा ऐकूनही खंड घेऊन गेली आणि दुसराही मागायला आली. एवढ्या एका वाचकासाठीही ती चूक व्हायला हवी होती.

मग खरी कथा शोधण्याचे काम निघाले. चित्रपटाचे बीज धारपांच्या 'आजी' या कथेत आहे. पण दाखल नोंदवहीत पुस्तकाचे नाव असते, आतल्या कथांची नावे नसतात. 'आजी' कोणत्या संग्रहात आहे हे शोधायला धारपांचे सगळे कथासंग्रह खाली काढून एकेकाची अनुक्रमणिका पाहावी लागली. दोन प्रतींची तर अनुक्रमणिकेची पानेच गळलेली होती, तिथे कथांची शीर्षके पान उलटत वाचावी लागली. या शोधाशोधीत एक शंभरपानी वही तयार झाली: डाव्या बाजूला कथेचे नाव, उजवीकडे संग्रह आणि दाखल क्रमांक. एका चित्रपटाच्या निमित्ताने झालेले हे काम त्याआधी कित्येक वर्षे करायचे राहिले होते, हे कबूल करायला हवे.

तक्रार ज्याच्या तोंडून सर्वांत सविस्तर ऐकायला मिळाली, तो वाचक तिशीतला, एका कृषी सेवा केंद्रात काम करणारा. शाळेत असताना त्याने धारप वाचून संपवले होते. 'आजी' त्याने तेराव्या-चौदाव्या वर्षी वाचली आणि नंतर आठवडाभर तो घरातल्या म्हातारीच्या खोलीत एकटा गेला नाही, असे तो सांगे. चित्रपट त्याने जळगावला जाऊन पाहिला. बाजाराच्या दिवशी दुपारी तो वाचनालयात आला तेव्हा बराच अस्वस्थ होता. चित्रपट वाईट आहे असे त्याचे म्हणणे नव्हते. "पिक्चर भारी आहे काका, पण आमची आजी त्यांनी नेली," असे तो म्हणाला.

त्याच्या आक्षेपांतला एक कथेच्या आकाराबद्दल होता. धारपांची कथा एका घराची आणि एका भीतीची आहे: म्हातारी आजी, आणि तिच्याजवळ एकटे थांबायची वेळ आलेले मूल. चित्रपटात 1918, 1933 आणि 1947 असे तीन काळ आहेत, नायक विनायकराव लहानाचा मोठा होतो, बाप होतो, मुलाला खाली उतरायला शिकवतो. समृद्धीच्या देवीचा पहिला मुलगा हस्तर, त्याची सोन्याची आणि धान्याची हाव, त्याला मिळालेले सोने आणि नाकारलेले धान्य, त्याच्या लंगोटातल्या मोहरा, त्याला भुलवायला नेलेली कणकेची बाहुली, हा सगळा विस्तार चित्रपटाचा आहे. आजी दुसऱ्या भागातच संपते. ज्या वाचकाच्या मनात पंधरा-सोळा वर्षे आजीच राज्य करत होती, त्याला ती दाराशी बसवलेली राखणदार वाटावी, हे समजण्यासारखे आहे.

दुसरा आक्षेप पावसाचा होता. चित्रपटात पाऊस थांबत नाही. भिंती ओल्या, अंगण चिखलाचे, उजेड करडा. पंकज कुमार यांचे छायाचित्रण या ओलीमुळेच लक्षात राहते. काही चित्रीकरण सासवडच्या पुरंदरे वाड्यात झाले आहे. पण मोताळा तालुक्यातल्या वाचकाची भीती कोरडी होती. त्याच्या कथेतल्या घरात धूळ होती, उन्हाने तडकलेली जमीन होती, दुपारी एक वाजता ओस पडलेली गल्ली होती. त्याच तालुक्यातल्या रोहिणखेडला सोळाव्या शतकातली जुनी मशीद आहे. शाळेच्या सहलीत पाहिलेला तिथला काळवंडलेला दगड आपल्या डोळ्यांपुढच्या वाड्यात शिरला होता, असे त्याने सांगितले. "इतक्या पावसात भूत कसं राहील?" हा त्याचा प्रश्न पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला सुचणार नाही.

हे समजावताना त्याने खिशातून खताच्या बिलाचा कागद काढला आणि त्याच्या पाठीमागे पेनाने घराचा नकाशा काढून दाखवला. पुढे ओटा, मग ढाळज, आत माजघर, डावीकडे आजीची खोली, आणि तिच्या कोपऱ्यात एक गोल. गोलाच्या शेजारी त्याने लिहिले: पेव. पेव म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा, तोंड लहान आणि पोट मोठे. जुन्या घरांत त्यात ज्वारी भरून वरून माती-शेणाने लिंपून टाकत. बंद पेव उघडल्यावर आतली हवा जाऊ दिल्याशिवाय कोणी खाली उतरत नसे, कारण कोंडलेल्या हवेने माणूस गुदमरून मरे. त्याच्या मते चित्रपटाने पुस्तकातली एकच गोष्ट बरोबर ठेवली होती: ते खाली उतरणे. दोराने देवीच्या गर्भात उतरणारा विनायक पाहताना आपल्याला पेवात उतरल्यासारखे झाले, असे तो म्हणाला.

तेव्हा कपाटातून संग्रह काढून दोघांनी ती कथा टेबलावरच पुन्हा वाचली. वाचायला फार वेळ लागला नाही. कथेत पेव नव्हते. ढाळज नव्हती, धाब्याचे घर नव्हते, रोहिणखेडचा दगड तर नव्हताच. वाचकाने शेवटचे पान उलटून पाहिले, पुन्हा मागे गेला, आणि बराच वेळ गप्प बसून म्हणाला, "मग मी हे कुठं वाचलं?"

ग्रंथपालाच्या कामात असा क्षण क्वचित येतो. ज्या पुस्तकाची बाजू घेऊन तो भांडायला आला होता ते छापलेले पुस्तक नव्हते. त्याने चौदाव्या वर्षी आपल्या आजीच्या घरात बसून जे वाचले, त्यात अर्धे धारपांचे होते आणि अर्धे त्या घराचे. चित्रपटावरचा त्याचा राग खोटा ठरत नाही. उलट, कथा त्याच्यात किती खोलवर रुजली होती याचा तो पुरावा होता. चांगली अद्भुतकथा वाचकाच्या हाती अर्धेच घर देते, उरलेले त्याने बांधायचे असते. चित्रपटाला मात्र प्रत्येक भिंत आणि प्रत्येक खांब दाखवावाच लागतो.

मूळ कथा कोणाची, या प्रश्नाचा माग काढत गेले तर तो धारपांपाशीही थांबत नाही. 'आजी' ही स्टीफन किंग यांच्या 'ग्रॅमा' या 1984 सालच्या कथेवर बेतलेली आहे. पुढच्या वर्षी 'ग्रॅमा' 'स्केलेटन क्रू' या संग्रहात आली. तिथेही एक मुलगा आजारी आजीजवळ एकटा आहे आणि तिथेही म्हातारीला शांत करायला 'हस्तुर' या नावाचा उपयोग होतो. किंग यांनी ते नाव लव्हक्राफ्ट आणि त्यांच्या अनुयायांच्या परंपरेतून घेतले. त्याआधी रॉबर्ट चेंबर्स यांच्या 'द किंग इन यलो' (1895) मध्ये ते आहे. आणि सर्वांत आधी अँब्रोज बिअर्स यांच्या एका छोट्या कथेत तो मेंढपाळांचा देव होता, भीतीचा लवलेश नसलेला. खुद्द बर्वे यांनाही ही गोष्ट पुस्तकातून मिळाली नाही. 1993 मध्ये नागझिऱ्याच्या अभयारण्यात मुक्कामी असताना एका मित्राने त्यांना धारपांची कथा तोंडी सांगितली आणि तिथून पुढे चित्रपट पडद्यावर यायला पंचवीस वर्षे गेली. नागझिरा विदर्भातलेच. रात्री जंगलात एकाने दुसऱ्याला सांगितलेली गोष्ट हे या चित्रपटाचे मूळ असेल, तर शब्दाशब्दाची इमानदारी त्याच्याकडून मागता येत नाही.

मराठी वाचकाला यात नवीन काही नाही. गोविंद बल्लाळ देवल यांनी 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव' केला, गो. ना. दातार यांनी रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्यांना मराठी वेश दिला, आणि ते वाचून किंवा पाहून वाढलेल्या पिढीने ती गोष्ट आपलीच मानली. धारपांनी किंगच्या आजीला मराठी घरात आणून बसवले, तेव्हा कोणी तक्रार केली नाही, कारण मूळ वाचलेले लोक गावात नव्हते. तक्रार करायला आधी प्रेम बसावे लागते.

लेखकही यातून सुटत नाहीत. किंग यांच्या कादंबरीवरचा स्टॅन्ले कुब्रिक यांचा 'द शायनिंग' (1980) हा चित्रपट त्यांना पटला नाही. 1997 मध्ये त्यांनी स्वतः पटकथा लिहून त्याच कादंबरीची दूरचित्रवाणी मालिका करून घेतली. जर्मन लेखक मिखाएल एंडे यांनी आपल्या कादंबरीवरच्या 1984 च्या 'द नेव्हरएंडिंग स्टोरी'मधून आपले नाव काढायला लावले आणि निर्मात्यांविरुद्ध कोर्टातही गेले. तिथे त्यांना यश आले नाही. धामणगाव बढ्यातल्या खताच्या दुकानातला वाचक आणि हे लेखक एकाच रांगेत उभे आहेत.

या कामात ग्रंथपालाच्या हातून झालेली एक चूक नोंदवली पाहिजे. 2018 साली चित्रपट पहिल्यांदा आला तेव्हा असाच एक जुना वाचक तक्रार घेऊन आला होता, निवृत्त शिक्षक. त्या वेळी ग्रंथपालाने चित्रपटाची बाजू घेतली. माध्यम वेगळे असते, चित्रीकरणाला किती वर्षे लागली, छायाचित्रणाला आणि ध्वनीला पुरस्कार कसे मिळाले, हे सगळे त्यांना समजावून सांगितले. गुरुजींनी ऐकून घेतले, पुस्तक जमा केले आणि पुढचे तीन महिने ते वाचनालयाची पायरी चढले नाहीत. त्यांना माहिती नको होती. आपण वाचलेले कोणीतरी विचारावे, एवढेच त्यांना हवे होते. तेव्हापासून पद्धत बदलली. तक्रार आली की पहिला प्रश्न असतो: "तुमच्या पुस्तकात कसं होतं?" माणूस बसतो आणि बोलतो. त्यानंतर मूळ कथा हातात दिली की तो ती घरी नेतो, आणि बहुतेक वेळा शेजारचे दुसरे पुस्तकही.

'तुंबाड'च्या बाबतीत आणखी एक प्रश्न विचारला जातो आणि तो हलक्यात घेण्यासारखा नाही. "गुप्तधन खरंच असतं का?" जुन्या गढ्या, पडके वाडे आणि पांढरीची माती असलेल्या मुलखात गुप्तधनाच्या गोष्टी प्रत्येक गावात आहेत. त्यांच्या नादाने रात्री खड्डे खणणारे, मांत्रिकाला पैसे देणारे आणि त्याहून वाईट वाटेला गेलेले लोक महाराष्ट्राने पाहिले आहेत. अशा अंधश्रद्धांविरुद्ध लढणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात हत्या झाली. त्यानंतर चारच दिवसांत वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षाअखेर जादूटोणाविरोधी कायदा झाला. धनाच्या शोधापायी केलेली अघोरी कृत्ये त्या कायद्याने गुन्हा ठरतात. चित्रपटही हावेच्याच विरोधात आहे, त्यात मोहरांनी कोणाचे भले होत नाही. तरीही हा प्रश्न विचारणाऱ्या मुलाला 'आजी'बरोबर दाभोलकरांचे एखादे पुस्तक देण्याची प्रथा या टेबलावर पडली आहे. दोन्ही पुस्तके वाचून परत येतात.

खताच्या दुकानातला वाचक नंतर एकदा कणकेच्या बाहुलीबद्दल बोलला. आईला रात्री पोळ्या करताना पाहिले, हातात कणकेचा गोळा होता आणि आपण क्षणभर दचकलो, असे त्याने सांगितले. पुस्तकात बाहुली नाही, हे त्याला आता माहीत होते. यावेळी त्याने तक्रार केली नाही. नकाशा काढलेला खताच्या बिलाचा कागद त्याने संग्रहात ठेवायला दिला. तो 'आजी'च्या पहिल्या पानाशी चिकटवलेल्या पाकिटात आहे.

कथांच्या नावांची शंभरपानी वही आता टेबलावरच असते. तिच्या शेवटच्या पानांवर न सापडलेल्या संग्रहांची यादी आहे. त्यांत धारपांची चार पुस्तके अशी आहेत, जी देवघेव नोंदवहीत बाहेर गेलेली दिसतात आणि परत आलेली नाहीत. गावात किंवा आसपास कोणाच्या माळ्यावर, ट्रंकेत, आजीच्या घरात ती राहिली असतील तर आणून द्यावीत. विलंबशुल्क घेतले जाणार नाही.